मिशिगनच्या जावयाशी कॉन्फरन्सचा वाद

हार्पर्स ब्लफ, अलाबामा
शनिवार, २४ ऑगस्ट २०१३

गेरिट, आणि गेरिटच्या टेबलाभोवती बसून माझी पत्रं मोठ्यानं वाचून हसणारे त्याचे दोघे भाऊ डर्क आणि हेंड्रिक,

तुमचं माझं एका गोष्टीवर एकमत आहे. पुन्हा कधी होणार नाही, म्हणून ते आधी नोंदवून ठेवते. गुरुवारी टीव्हीवर त्या कॅलिफोर्नियाच्या माणसानं, दात पांढरे, केस ओले, डोकं रिकामं, असं जाहीर केलं की कॉलेज फुटबॉलमध्ये आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचे जेवढे गट आहेत त्यांत जिंकायला सगळ्यात कठीण कॉन्फरन्स म्हणजे त्यांच्या पश्चिम किनाऱ्याची. कारण काय, तर तिथं विमानाचा प्रवास फार होतो! खेळाडू दमतात! तुम्ही तिकडे खुर्चीतून उठला असाल. मी इथं उकडलेल्या शेंगांचा वाडगा खाली ठेवला आणि टीव्हीशी चार शब्द बोलले.

रॉइस म्हणाला, "आजी, त्याला ऐकू जात नाही."

"म्हणून तर त्याचं बरं चाललंय," मी म्हटलं.

विमानात बसून दमणाऱ्यांनी कठीण या शब्दाला हात लावू नये. इथपर्यंत आपण एका बाजूला आहोत. आता मी माझ्या बाजूला जाते.

सलग सात वर्षं देशाचं विजेतेपद आमच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजानं नेलं. दर वर्षी तेच कॉलेज नव्हे, हे लक्षात घे. म्हणजे आमच्या गटात पहिलं येणं हेच इतकं अवघड आहे की जो त्यातून बाहेर पडतो त्याला उरलेला देश म्हणजे सुट्टी. या सात वर्षांत तुमच्या कॉन्फरन्सनं, बिग टेननं, काय नेलं? थंडीची तक्रार. शिवाय तुमच्या बिग टेनमध्ये बारा कॉलेजं आहेत. ज्यांना दहा आणि बारा यांतला फरक कळत नाही त्यांनी कठीण आणि सोपं यांतला फरक सांगायला येऊ नये.

मी शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि वादविवादाचा संघ चालवला. नाणं उडवून मुलांना बाजू द्यायचे. आज तू बाजूनं, उद्या विरुद्ध. त्यांतली दोन मुलं राज्याच्या विधानसभेत गेली आणि तिथं बोलायचं विसरली, तो दोष माझा नाही. सांगायचं एवढंच की हा वाद मी गंमत म्हणून घालत नाही. त्यात आपला मुलगा आहे.

रॉइसला शाळेनंतर खेळायला दोन्हीकडून बोलावणं आहे. आमच्या कॉन्फरन्समधलं एक कॉलेज आणि तुमच्यातलं एक. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी तो शाळेच्या जिममध्ये टेबलाशी बसेल, समोर दोन कॉलेजांच्या दोन टोप्या असतील, एक उचलून डोक्यावर घालेल, गाव टाळ्या वाजवेल, केक कापला जाईल आणि तो शिष्यवृत्तीच्या करारावर सही करेल. एकवीस पूर्ण नसलेल्याच्या सहीखाली आईची किंवा बापाची सही लागते. त्याची आई, माझी क्लॉडीन, आता नाही. कायद्याच्या लेखी मी आजी, म्हणजे प्रेक्षक. तेव्हा सही तुझी.

आणि तो ज्याला त्याला एकच सांगतो: "जिथं जिंकणं सगळ्यात कठीण, तिथं मी जाणार." हे वाक्य मूर्खपणाचं आहे, पण म्हणताना हनुवटी वर होते ती थेट त्याच्या आईची.

तू पाठवलेली सफरचंदं पोचली. सफरचंदांच्या खाली दडवलेला तुमच्या कॉलेजचा जाड सदराही पोचला. इथं शंभर डिग्री उन्हात तो घालून बसला होता. बापाची लाच म्हणून बसला होता की प्रेम म्हणून, ते त्यानं सांगितलं नाही. क्लॉडीनच्या अंत्यविधीची फुलं सुकायच्या आत तू उत्तरेला निघून गेलास आणि तो इथं संघासाठी थांबला. मी त्याला धरून ठेवलं असं तू दोन वर्षं लोकांना सांगतोयस. धरून ठेवता येईल असा तो मुलगा नाही. अंगानं बैल आहे. पण असू दे. मला वाद कॉन्फरन्सचा घालायचा आहे.

इमोजीन टॅकेट


हार्पर्स ब्लफ
रविवार, १३ ऑक्टोबर २०१३

गेरिट,

तुझं उत्तर मिळालं. समासात डर्कचे विनोद आहेत. त्याला सांग, समास कोरा ठेवण्यासाठी असतो.

तुझे मुद्दे तीन. पहिला, आमचे संघ नोव्हेंबरात मधेच एखाद्या लहानशा कॉलेजला बोलावतात, त्याला सत्तर गुणांनी झोडतात आणि त्याला खेळ म्हणतात. त्या शनिवारी तुम्ही मात्र बर्फात एकमेकांची हाडं मोडत असता. हे खरं आहे. मी वादात खरं नाकारत नाही, मी त्याची किंमत कमी करते. त्या शनिवारच्या आधी आणि नंतर आमच्या मुलांना काय भोगावं लागतं ते बघ. गिर्यारोहक मधे एका दगडावर बसला म्हणून डोंगर लहान होत नाही.

दुसरा, म्हणे आमच्याकडे दोन-तीनच कॉलेजं खरी, बाकी भरती. आणि तुमच्याकडे कुणीही कुणालाही हरवतं. गेरिट, जिथं कुणीही कुणालाही हरवतं तिथं दोन शक्यता असतात. एक, सगळे उत्तम. दुसरी, सगळे सुमार. कुठली, हे कळायला घराबाहेर पडून दुसऱ्यांशी खेळावं लागतं. एक जानेवारीच्या सामन्यांसाठी तुम्ही बाहेर पडता आणि दर वर्षी ते आम्हाला कळतं.

तिसरा मुद्दा बर्फ. बर्फ हा प्रतिस्पर्धी नाही. तो दोघांवर सारखाच पडतो.

आता इकडची बातमी. दर आठवड्याला दोन्ही कॉलेजांच्या खेळाडू हेरणाऱ्यांचे फोन येतात. आमच्या बाजूचे मि. प्रुएट, त्यांचा आवाज पाकात बुडवलेला. तुमच्या बाजूचे मि. लिंडक्विस्ट, त्यांचा आवाज दंतवैद्यासारखा: आता थोडंसंच दुखेल. मागच्या मंगळवारी लिंडक्विस्टचा फोन मीच घेतला.

"मिसेस टॅकेट, आपण शिक्षिका होता असं ऐकलं."

"अजून आहे. फक्त पगार थांबलाय. तुमची कॉन्फरन्स जास्त कठीण कशी ते सांगा, मी ऐकतेय."

"आमच्याकडे शिस्त आहे, मॅम."

"शिस्त सैन्यात असते आणि तुरुंगातही. मी कठीण कशी ते विचारलं."

रॉइस मागून खुणा करत होता, आजी, फोन दे, आजी! मग त्यानं फोन हिसकावून घेतला आणि परसात जाऊन अर्धा तास बोलला. लिंडक्विस्टशी तो इतका वेळ बोलतो आणि तुझ्याशी आठवड्याला चार वाक्यं, याचा तुला राग येत असेल तर तो योग्य आहे.

मुलगा बरा आहे. कॅल्हून काउंटीच्या सामन्यानंतर जरा डोकं दुखत होतं, दोन दिवस खिडकीचे पडदे लावून पडून होता. आज चर्चमध्ये काळा चष्मा घालून बसला. मी म्हटलं, "देवानं ओळखू नये म्हणून का?" तर हसला. हल्लीच्या मुलांच्या फॅशना. भूक चांगली आहे. तळलेली भेंडी एकट्यानं संपवतो.

तुमच्या चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी पेपरमिंटच्या गोळ्या फिरवतात हे त्यानं इथल्या मुलांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. प्रवचन ऐकायला गोळी लागते, हे त्या प्रवचनाबद्दल पुरेसं बोलतं.

इमोजीन


हार्पर्स ब्लफ
सोमवार, २ डिसेंबर २०१३

गेरिट, डर्क, हेंड्रिक, आणि मिशिगनमधल्या ज्याला कुणाला वाचता येतं तो प्रत्येक माणूस,

पाहिलंत ना? पाहिलं नाही असं सांगू नका, मी तुमची कीव करेन.

परवा शनिवारी ऑबर्न आणि अलाबामा, आमच्याच राज्यातली, आमच्याच कॉन्फरन्समधली दोन कॉलेजं. अठ्ठावीस-अठ्ठावीस. वेळ संपली, लोक उठले, तर पंचांनी घड्याळात एक सेकंद परत घातला. एक सेकंद! अलाबामानं हाव धरली: लांबून लाथ मारून चेंडू खांबांच्या मधून घालवू आणि जिंकू. चेंडू कमी पडला. आणि तिथं, मैदानाच्या पार शेवटच्या टोकाला, ऑबर्नचा एक मुलगा उभा होता. त्यानं तो झेलला आणि पळत सुटला. अख्खं मैदान, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी त्याला हात लावू शकलं नाही. ऑबर्न जिंकलं.

टॅकेट घराणं ऑबर्नचं. माझ्या सासऱ्यांनी अलाबामाच्या घरातली मुलगी केली म्हणून त्यांचे वडील त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. तेव्हा माझ्या दिवाणखान्यात काय झालं असेल याची कल्पना कर. रॉइसनं मला उचललं, गेरिट. या वयात, या गुडघ्यांसकट उचलून गोल फिरवलं. शेजारचे मि. ओडम, जन्मापासून अलाबामाचे, कोचावर बसून टोपीत तोंड घालून रडत होते. मी त्यांना केळ्याचं पुडिंग दिलं. त्यांनी ते खाल्लं आणि पुन्हा रडले.

आता सांगा तुमच्या बिग टेनमधला असा एक सेकंद. एक! तुमच्याकडे शेवटच्या सेकंदाला लोक गाडीकडे निघालेले असतात, पार्किंगमधून लवकर सुटावं म्हणून.

आपल्या शाळेचा संघ शुक्रवारी उपांत्य सामन्यात हरला. रॉइस मात्र असा खेळला की तिथले दोन्ही कॅमेरावाले त्याच्यामागे होते. समोरून पळत येणाऱ्याला पाडणं हे त्याचं काम, आणि तिसऱ्या सत्रात त्यानं एकाला असं पाडलं की हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज मला वरच्या बाकावर ऐकू आला. सगळं गाव उभं राहून ओरडलं. मीही. मग उठला आणि चुकून समोरच्या संघाच्या मुलांमध्ये जाऊन उभा राहिला, त्यांची खलबतं ऐकत. लोक पोट धरून हसले. प्रशिक्षक तुमच्या आडनावानं ओरडला, "व्हॅनडेनहोक, इकडे!" आला परत. शेवटपर्यंत खेळला.

अजून एक गंमत. काल चर्चच्या आवारात मि. ओडम काळा सूट घालून आले होते, घरात मयत झाल्यासारखे. रॉइस त्यांच्याकडे गेला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "मि. ओडम, काल कोण जिंकलं?"

ओडम पांढरे पडले. "पोरा," ते म्हणाले, "मी तुझ्या आजीच्या घरी पुडिंग खाल्लंय. माणुसकी ठेव."

सगळे हसले. मीही. काय सरळ चेहरा ठेवतो पोरगा! परतताना गाडीत त्यानं मलाही तोच प्रश्न विचारला. हसला नाही. मी म्हटलं, "पुरे झालं आता." तो म्हणाला, "हो, मॅम," आणि खिडकीबाहेर बघत बसला.

दमलाय. मोसम लांबला यंदा.

इमोजीन


हार्पर्स ब्लफ
मंगळवार, ७ जानेवारी २०१४

गेरिट,

तुझे फोन मी घेतले नाहीत, कारण तू फोनवर वाद घालत नाहीस, नुसता श्वास घेतोस. तुझ्या दोन्ही पत्रांत कॉन्फरन्सबद्दल एक ओळ नाही. दोन्हींत एकच प्रश्न. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

काल रात्री देशाच्या विजेतेपदाच्या सामन्यात ऑबर्न हरलं. फ्लोरिडा स्टेटनं हरवलं, शेवटच्या काही सेकंदांत. सात वर्षांची सलगता संपली आणि ती ना तुम्ही संपवलीत ना आम्ही टिकवली. तिसराच कुणी येऊन ताट घेऊन गेला. आज सकाळी किराणा दुकानात जो तो दुसऱ्याच्या नजरेला नजर न देता दूध विकत घेत होता. डर्कला आनंद होऊ देत. ज्याच्या घरात काही शिजत नाही तो दुसऱ्याचं करपलं की नाचतो.

मला वाईट वेगळ्याचं वाटलं. सामना संपल्यावर रॉइस शांतपणे म्हणाला, "आजी, मी तिकडे जातोय. उत्तरेला."

मी म्हटलं, "एक सामना हरलो म्हणून?"

"नाही. तुझी व्याख्या चुकलीय. तू विचारतेस कुठल्या गटात चांगले संघ जास्त. कठीण म्हणजे ते नाही."

"मग काय?"

"इथं मी पडलो तर अर्ध्या राज्याला माझं नाव माहीत आहे. ओडम मला उचलतील. तिथं मला कुणी ओळखत नाही. मला आधी कुणी पाहिलेलं नाही. तिथं जिंकणं जास्त कठीण."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की आधी शब्दाची व्याख्या बदला, मग वाद आपोआप तुमचा होतो. माझ्याच हत्यारानं मला मारलं. मला! प्रुएटना हे कळल्यावर त्यांच्या आवाजातला पाक एका क्षणात आटला, तेवढं समाधान मिळालं.

तेव्हा तू जिंकलास. तुझ्या घरापासून दोन तासांवर असेल तो. रविवारी तुझ्या टेबलाशी वाटाण्याचं सूप पीत बसेल आणि डर्कच्या विनोदांना हसेल. दोन वर्षं तू हेच मागत होतास.

आता तुझा प्रश्न. त्यानं तो सामना खरंच विसरून विचारलं का? तू मिशिगनमध्ये बसून डॉक्टर कधी झालास? इथले डॉ. हॅगुड यांनी त्याच्यासमोर बोटं धरली, त्यानं ती बरोबर मोजली. हॅगुड आमच्या शाळेच्या संघाच्या समर्थक मंडळाचे अध्यक्षही आहेत, म्हणून तू नाक मुरडशील. खुशाल मुरड. डिसेंबरात मी रॉइसला गाडीनं बर्मिंगहॅमला नेलं होतं, ते दाढेसाठी. फेब्रुवारीत ये, केक खा, सही कर, आणि बाकीचं माझ्यावर सोड.

इमोजीन


हार्पर्स ब्लफ
रविवार, २६ जानेवारी २०१४

गेरिट,

हे पत्र एकट्यानं वाच. डर्कला बाहेर पाठव.

बर्मिंगहॅमला दाढ नव्हती. तिथं डोक्याच्या विकारांची एक डॉक्टर आहे, डॉ. पेल, तिशीतली, माझ्या विद्यार्थिनीसारखी दिसणारी. तिनं रॉइसला पाच शब्द सांगितले, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग ते परत विचारले. त्याला दोन आठवले. तिनं वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले, तो सप्टेंबरपाशी अडकला आणि हसून म्हणाला, "मी यात कधीच चांगला नव्हतो." गेरिट, तो सहावीत असताना माझ्या स्वयंपाकघरात बसून राज्यांच्या राजधान्या उलट्या क्रमानं म्हणायचा, मला चिडवायला.

तिनं विचारलं, "डोक्याला असा मार बसायची ही पहिली वेळ?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"दुसरी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तिसरी, मॅम. कदाचित चौथी." ऑक्टोबरात पडदे लावून पडला होता ती एक. काळा चष्मा फॅशन नव्हती. उजेड सहन होत नव्हता.

ती म्हणाली, आता खेळ बंद. या मोसमापुरता नाही, कायमचा. पुढचा मार कुठला आणि केवढा हे कुणी सांगू शकत नाही. त्यानं ऐकून घेतलं, "हो, मॅम," म्हणाला, आणि खाली गाडीशी आल्यावर माझे दोन्ही हात धरले. "आजी, कुणाला सांगू नकोस. सांगितलंस तर मी उद्याच निघून जाईन आणि तुला पत्ता कळवणार नाही." त्याच्या आईनंही एकदा मला असंच काही म्हटलं होतं, आणि ती तसं करणारी होती. म्हणून मी गप्प बसले, आणि तुला दाढ लिहिली. त्याबद्दल तुला मला जे म्हणायचं असेल ते फेब्रुवारी उलटल्यावर म्हण. आत्ता वेळ नाही.

मागच्या आठवड्यात दोघेही घरी येऊन गेले. प्रुएट निरोपाला म्हणून आले, लिंडक्विस्ट विजयी म्हणून. रॉइस दुकानात गेला होता तेवढ्यात मी लिंडक्विस्टना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डॉ. पेल, पाच शब्द, सगळं. त्यांनी नम्रपणे ऐकलं. मग म्हणाले, "मिसेस टॅकेट, आमचे स्वतःचे डॉक्टर आहेत. ते तपासतील. आणि राग मानू नका, पण जानेवारीत आम्हाला बऱ्याच आज्या असं काही ना काही सांगतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नातू लांब जाऊ नये म्हणून, मॅम. शिवाय आपली मतं आम्हाला ठाऊक आहेत."

माझी मतं! मी ती फोनवर त्यांना ऐकवलीच होती ना. दर आठवड्याला. मग मी शाळेच्या प्रशिक्षकाकडे गेले. तो म्हणाला, "इमोजीन, तो ऑबर्नला जात असता तर तू हे बोलली असतीस का?" मी हॅगुडकडे गेले, त्यांनी त्यांचं बोट पुन्हा वर धरून दाखवलं. मी मि. ओडमकडे गेले. ओडम, माझ्या घरी पुडिंग खाऊन रडलेले ओडम, म्हणाले, "इमोजीन, त्या बिग टेनच्या टोपीपासून पोराला वाचवायला तू काहीही सांगशील. मीही सांगितलं असतं." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

या गावात माझं बोलणं ऐकून लोकांनी मतं बदलली आहेत, शाळेच्या मंडळानं ठराव बदलले आहेत. आता मी खरं बोलते आहे आणि एकालाही ते पटत नाही, कारण बिग टेनबद्दल मी जे जे बोलले ते प्रत्येकाला पाठ आहे. या राज्यात माणूस एकदा एका गटाचा ठरला की त्याचं आजारपणसुद्धा त्या गटाचं मानतात.

तूही हेच म्हणशील. म्हणशील, म्हातारी हरली आणि आता पत्ते उधळतेय. डॉ. पेलना फोन करशील तर ती तुला काही सांगणार नाही. रॉइस अठराचा आहे, त्याच्या परवानगीशिवाय तिचं तोंड बंद, आणि तो परवानगी देणार नाही. रॉइसला विचारशील तर तो हसून "मी ठीक आहे, बाबा" म्हणेल. दोन वर्षं तू त्याला पाहिलेलं नाहीस. तो आधी कसा होता हे तुला पुरतं माहीत नाही, मग आता कसा झालाय हे तुला कळणार कसं? आणि माझी खात्री झालीय की त्यानं तुम्हाला याचसाठी निवडलं. "मला आधी कुणी पाहिलेलं नाही," म्हणाला होता. मी त्याला वादातला मुद्दा समजले.

म्हणजे माझ्या शब्दाशिवाय तुझ्याकडे काही नाही, आणि माझ्या शब्दाची तुझ्या लेखी काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून खाली लिहिते ते वाच. हेल्मेटखाली आपला मुलगा आहे म्हणून लिहिते, मला पटलंय म्हणून नव्हे.

बिग टेन ही देशातली जिंकायला सगळ्यात कठीण कॉन्फरन्स आहे. साउथईस्टर्नची सात वर्षं म्हणजे नशीब आणि ऊन. नोव्हेंबरात लहान कॉलेजांना बोलावून आम्ही लबाडी करतो. बर्फ हा प्रतिस्पर्धी आहे आणि तो तुमच्यावर जास्त पडतो. बाराला दहा म्हणणं हा विनय आहे. मी, इमोजीन टॅकेट, हा वाद हरले. डर्कला आत बोलाव आणि त्याला हे पान दे. तो ते काचेत घालून भिंतीवर लावू दे, तुमच्या चर्चमध्ये गोळ्यांबरोबर वाटू दे, कॅलिफोर्नियाच्या त्या ओल्या केसांच्या माणसाला पाठवू दे. मी कुठंही नाकारणार नाही.

बदल्यात एक.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवार-मंगळवारी लिंडक्विस्ट तुला करार पाठवतील. त्यावर रॉइसचं नाव टाइप केलेलं असेल आणि खाली बापासाठी एक ओळ कोरी असेल. ती ओळ भरल्याशिवाय यंदा शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्तीशिवाय त्याला तिथं जाणं परवडत नाही. तो तुझ्यावर ओरडेल. मला शिव्या देईल. तुझ्या टेबलाशी सूप प्यायला तो कदाचित कधीच येणार नाही, आणि माझ्याकडे राहणारही नाही. जो मुलगा परत मिळावा म्हणून तू दोन वर्षं थांबलास तो तुझ्या हातात येत असताना मी तुला हात मागे घ्यायला सांगते आहे, हे मला कळतं. तू माझ्याशी पुन्हा बोलला नाहीस तरी चालेल.

गेरिट, सही करू नकोस.

इमोजीन टॅकेट